शॉर्ट

दोन दिवस झाले. तीनशे रुपये
शर्टाच्या खिशात आहेत, आणि शर्ट खुंटीवर.
धुवायला टाकलेला नाही.

भोईवाड्यातलं पोळीभाजी केंद्र, रात्रीचे साडेनऊ.
आठ पोळ्या, एक फरसबी : एकशे चाळीस.
मी दिली दोनशेची नोट.
दीक्षाच्या कानाला फोन, खांद्यानं दाबलेला,
पलीकडून कुणी उद्याच्या डब्यांचे आकडे सांगतंय,
ती एका हाताने ते लिहून घेतेय
आणि दुसऱ्या हाताने पाचशेतून वजा करतेय.
तीनशे साठ. मोजून दिले.
वर पुडीत दोन तळलेल्या मिरच्या, तशाच.

हिंदमाताच्या पुलाखाली माझ्या लक्षात आलं.
मागे वळलो असतो तर चार मिनिटं.
पण पोळ्या गरम होत्या,
आणि मी मागितले थोडेच होते?
बँकेनं गेल्या महिन्यात एकशे सतरा कापले,
कशाचे, ते तिथल्या साहेबालाही सांगता येईना.
मोठ्या दुकानात कागदी पिशवीचे दहा.
टॅक्सीवाला सुट्टे नाहीत म्हणतो, आपण दार लावतो.
असं चालता चालता
या शहराकडे माझे किती निघतात
ते मांडत गेलो.
बरेच निघाले.
दीक्षाकडे काहीच निघत नव्हतं.

आमचे अण्णा कंडक्टर. वडाळा डेपो.
त्यांच्या बोटांना नाण्यांचा वास यायचा,
साबणाने न जाणारा.
कमी भरली की शॉर्ट. ती खिशातून भरायची.
त्या रात्री ते नुसतं म्हणायचे, 'जुळलं बाबा,'
आणि आई आमटीत तांब्याभर पाणी वाढवायची,
कुणाला काही न विचारता.

हे सगळं मला पाठ आहे.
तरी मी त्या रात्री पाच पोळ्या खाल्ल्या.

आणि अण्णांचंही एक आहेच.
सुट्टे नसले की ते तिकिटामागे आकडा लिहून द्यायचे,
उतरताना घ्या म्हणायचे.
माणसं विसरायची.
स्टॉप आला की आपल्या विचारात उतरून जायची.
ती चिल्लर बोर्नव्हिटाच्या डब्यात.
'त्यांना आता कुठं हुडकू?' म्हणायचे,
प्रत्येक वेळी म्हणायचे, डबा बंद करताना.
माझी कंपासपेटी त्या डब्यातली.
तिच्यातल्या कर्कटकाने मी
बऱ्यापैकी गोल वर्तुळं काढली.

दीक्षाला हुडकावं लागत नाही.
चार मिनिटं.

आज गेलो. तोच शर्ट घालून.
गल्ल्यावर अंजनाताई.
'दीक्षा नाही?'
'लाटायला बसवलीय, पहाटेच्या पाळीला.
गल्ला नको म्हणाली, तीच.'
'परवा पैसे कमी आले होते का?'
ताईंनी वही उघडलीसुद्धा नाही.
'छे, जुळलं होतं की. का हो?'

जुळलं होतं.
खिशाशी गेलेला माझा हात तिथंच थांबला.
हे पैसे आता या गल्ल्याचे नव्हते.
इथे दिले तर गल्ल्यात जातील,
आणि तिनं झाकलेली चूक
मी प्रामाणिकपणाने उघडी पाडीन.

'काही नाही,' म्हटलं. 'आठ पोळ्या द्या.'
ऐंशी रुपये, सुट्टे, मोजून.
'ती येते किती वाजता?'
'पाचला.'

पाचला मी शेवटचा कधी जागा होतो?
अण्णांची पहिली गाडी असायची तेव्हा.
स्वयंपाकघरात बत्ती, आईचा डबा,
आणि झोपेचं सोंग घेऊन मी
ऐकत असायचो
चामड्याच्या पिशवीत
हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून एकेक,
पडणारी नाणी.